पाळकसाहेबांची वाचा

चर्चच्या सेक्रेटरींची प्रार्थना लांबत चालली होती. पलंगाभोवती मंडळीतली माणसं माना खाली घालून उभी होती आणि पाळकीणबाई नवऱ्याचा लुळा हात धरून आमेनची वाट बघत होत्या. अर्धांगाचा झटका आल्यापासून पाळकसाहेबांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. ज्या आवाजावर अख्खी मंडळी जीव टाकायची, तो कुठे गडप झाला होता कोण जाणे.

"प्रभू, तुझ्या सेवकाची जीभ मोकळी कर," सेक्रेटरी म्हणाले.

पाळकसाहेबांनी डोळे उघडले आणि बोलायला लागले.

खणखणीत, सुरात, कुठेही न अडखळता.  पण शब्द ओळखीचे नव्हते. ओळखीची होती ती चाल. मागच्या गल्लीतल्या मशिदीतून रोज कानावर पडायची, तीच.

"हे तर त्यांचं आहे," कॉयरमध्ये गाणारी एक मुलगी हळूच म्हणाली.

सेक्रेटरींचा आमेन घशातच राहिला. बघता बघता खोली रिकामी झाली. निघता निघता ते बाईंना दारात म्हणाले, "बाई, हे कधीपासून?"

"मला खरंच माहीत नाही."

"रविवारी सभा आहे. लोक विचारतील. राहतं घर मंडळीचं आहे, तेवढं लक्षात असू द्या."

बाई आत आल्या. पलंगाशी वाकून त्यांनी प्रभूची प्रार्थना सुरू केली. लग्नानंतर एक दिवस चुकला नसेल, दोघांनी मिळून म्हटल्याशिवाय दिवा मालवला नव्हता. पाळकसाहेब त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, परक्या मुलखातल्या बाईकडे बघावं तसे.

दुपारी बोलायला शिकवणारी डॉक्टरीण आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि उलट खूशच झाली. "त्यांना स्वतःचे शब्द सापडत नाहीत, पण पाठ केलेलं शाबूत आहे. तेच धरा. तुम्ही ओळ सुरू करायची, ते पुरी करतील. बोलणं परत आलं तर याच वाटेने येईल."

"पण त्यांना स्तोत्रं पाठ आहेत. ढीगभर."

"बाई, काय उरावं हे आपल्या हातात नसतं."

शेजारच्या घरात एक म्हातारे मास्तर राहत. शाळेत अरबी शिकवून निवृत्त झालेले. पाळकसाहेब आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसत. मास्तरांना प्रभूची वाट दाखवायला जातात, असं बाईंनी महिलामंडळात किती जणींना अभिमानाने सांगितलं होतं. आता त्यांनी मास्तरांचं दार वाजवलं आणि उंबऱ्यातूनच विचारलं, "हे तुम्हाला शिकवायला यायचे ना?"

मास्तर गोंधळले. "मला? नाही वहिनी, मी त्यांना शिकवायचो. एकदा चिडून आले होते. म्हणाले, 'मी उपदेशात तुमच्याबद्दल इतकं बोलतो आणि मला तुमच्या कुराणाची एक ओळ येत नाही, लाज वाटते.' तेव्हापासून बसायला लागले. तो घशातून काढायचा अरबी 'ह' काही केल्या जमेना त्यांना. फार घोकून घेतलं मी."

"म्हणजे त्यांनी धर्म..."

"छे हो. माझ्याशी तासन् तास भांडायचे, येशूवरून. भांडण झालं की मग धडा."

बाईंना हसावं की रडावं कळेना. नवऱ्याचा राग आला, तो पाठ केलं म्हणून नव्हे. इतकी वर्षं एका ताटात जेवून आपल्याला एका शब्दाने सांगितलं नाही म्हणून. आणि सांगितलं असतं, तर आपण काय केलं असतं, तेही त्यांना ठाऊक होतं.

"पहिल्या ओळीचा अर्थ काय?" त्यांनी विचारलं.

"देव फार दयाळू आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

बाई आत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. "शिकवा मला."

शनिवारी सकाळी सेक्रेटरी पुन्हा आले. दार उघडंच होतं. बाई पाठमोऱ्या बसल्या होत्या आणि अडखळत काहीतरी म्हणत होत्या. काय म्हणताहेत ते ऐकून सेक्रेटरी दारातच थिजले.

पाळकसाहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. चांगला हात उचलून बोट बायकोच्या गळ्यावर टेकवलं, जिथून तो 'ह' यायला हवा होता तिथे.

"चुकलं," ते म्हणाले.

 तो पाठ केलेला शब्द नव्हता. त्यांचा स्वतःचा होता, आणि आवाजही त्यांचाच.

"ऐकलंत?" मागून सेक्रेटरी म्हणाले. "कबूल केलं त्यांनी, चुकलं म्हणाले. प्रभूने ऐकलं आपलं. बाई, आता काळजी सोडा. उद्या सभेत मीच सांगतो सगळ्यांना."

बाईंनी वळून बघितलं. सेक्रेटरींच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. बाईंनी नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी भागलं असतं. घर राहिलं असतं, नाव राहिलं असतं.

त्या परत नवऱ्याकडे वळल्या. घसा साफ केला आणि तीच ओळ पुन्हा म्हटली, मोठ्याने, 'ह' अगदी खोलातून काढून.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले आणि पुढची ओळ धरली.