डबा रिकामा यायला पाहिजे

"साल राहू देऊ नगं, घशाला लागती," बजाबाई म्हणाली आणि सुनेच्या हातातलं सफरचंद तिनं काढूनच घेतलं. "दे हिकडं. सोलायलीस का कोरायलीस?"

संस्कृतीनं सुरी पुढं केली. तिसरा महिना चालू होता, पोटात काही टिकत नव्हतं. सुरी देऊन झाली तरी हात तसाच पुढं राहिला होता. तो तिनं जरा वेळानं मागं घेतला.

ओट्यावर विजेचा स्लो कुकर बसला होता. बजाबाईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं तेव्हा तिच्या पोरानं, अभिमन्यूनंच तो मागवला होता. सकाळी फोडी टाकायच्या, वाटीभर पाणी, दालचिनीचा तुकडा, आणि झाकण लावून गप बसायचं. दुपारपर्यंत सगळ्याचं मऊ गरगट. "हे भांडं हाय का कासव?" असं बजाबाईनं तेव्हा पोराला चिडवलं होतं. आता ती चिडवत नव्हती.

एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यातून परतताना अक्कलकोट रोडवर अभिमन्यूच्या मोटरसायकलला ट्रकनं उडवलं, त्या दिवसापासून या भांड्याला उसंत नव्हती. जबड्याला मार लागलाय, चावता येत नाही, मऊच द्यायचंय, असं संस्कृतीनं हॉस्पिटलातून येऊन सांगितलं होतं. बजाबाईला जिना उतरायची डॉक्टरांची बंदी. म्हणून डबा भरायचा सासूनं आणि पोचवायचा सुनेनं. बजाबाईचा नवरा, आप्पा, वळसंगला शेतावर अडकला होता. ज्वारीची काढणी निघाली म्हणे. फोनवर बोलायचा तो दोन शब्द, तेही सुनेशी.

सफरचंदं पुरवायची ती गंगम्मा. शेजारच्याच खोलीत राहायची आणि हॉस्पिटलच्या फाटकासमोर फळांचा गाडा लावायची. रोज येताना पिशवी आणायची, वर भाकरीही धाडायची. बजाबाईच्या घरात गॅसवर फोडणी पडत नव्हती. सासू-सून तीच भाकरी कोरडी चावायच्या, म्हणजे बजाबाई चावायची आणि संस्कृती तुकडा हातात घेऊन बसायची.

सुरुवातीला रोज डबा भरलेलाच परत यायचा. "झोपले होते, आत्या," संस्कृती म्हणायची. सासूला ती आत्याच म्हणायची. आदल्या दिवशी डबा रिकामा आला, पण बजाबाईनं सुनेच्या तोंडाकडं बघितलं आणि तिचं डोकंच फिरलं.

"खरं त्याच्याच पोटात गेलं का कुणाला देऊन टाकलंस? हे बघ पोरी, यातलं वाया गेलं असं कळलं तर म्या बी ताट सारणार. गोळ्या बी घेणार न्हाय. मग बस दोघांचं करत."

खरं सांगायचं तर बजाबाईला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. भूक लागत नव्हती, रडू येत नव्हतं. शेजारच्या टीव्हीचा आवाज कानावर पडायचा, पण तो काय बोलतोय ते समजायचं नाही. समजत होतं ते एवढंच, की डब्यातलं पोटात गेलं तर जीव तगणार, नाहीतर बसा बोंबलत.

"थोडी साखर घालू का?" संस्कृतीनं विचारलं. "यांना गोड आवडतं."

"साखर न्हाय. सध्या न्हाय."

दुपारी झाकण उघडलं. बजाबाईनं दालचिनी काढून टाकली, पळीनं फोडी घोटल्या, गाठ राहिली नाही ना म्हणून बोटावर घेऊन बघितलं आणि डबा काठोकाठ भरला.

"समदं संपवायला सांग."

"कुणाला?"

"कुणाला म्हंजे? तुझ्या नवऱ्याला की!"

"हां, सांगते," संस्कृती म्हणाली. मग चप्पल घालायची विसरली, तिसऱ्या पायरीवरून परत आली, चप्पल घातली आणि गेली.

बजाबाई खिडकीशी बसून राहिली. खाली रिक्षा वाजत होत्या, कुणीतरी कुणाला तरी शिव्या घालत होतं. तिच्या मांडीवर हात होते, ते तिला कुणा दुसरीचे वाटत होते. मधेच ती उठली, कुकर धुतला, पुसला, आणि धुतलेला आहे हे विसरून पुन्हा धुतला.

दिवेलागणीला संस्कृती आली. डबा खडखडीत रिकामा होता.

"संपवलं?"

"संपवलं, आत्या."

"उलटी न्हाय ना झाली?"

"नाही." डबा मोरीत ठेवत ती म्हणाली, "नाही झाली त्यांना."

"बरं झालं बाई. जा, पड जा जरा."

संस्कृती आतल्या खोलीत गेली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. थोड्याच वेळात तिचा श्वास संथ झाला. तेवढ्यात गंगम्मा सफरचंदांची पिशवी घेऊन दारात उभी राहिली. बजाबाईनं तोंडावर बोट ठेवून तिला बाहेरच थांबवलं आणि दार ओढून घेतलं.

"अक्का, तुमच्या सुनेनं आज समदं खाल्लं बघा," गंगम्मा कुजबुजली.

"सवताच्या डोळ्यानं बघितलंस?"

"व्हय की! माझ्या गाड्यामागं लिंबाखाली बसली. आधी लई रडली, मग चमच्या-चमच्यानं डबा पार पुसून खाल्ला. काल कुत्र्याला घातलं तसं आज न्हाय केलं. शप्पत."

बजाबाईनं दाराच्या चौकटीला डोकं टेकवलं. 

"मग आता सोसंल तिला," ती म्हणाली. "उठली की सांगते, गंगम्माकडनं मला तवाच समदं कळलंय, अन् अभिमन्यूच्या दहाव्याला उद्या आपुन दोगी मिळून वळसंगला जाऊ म्हणून."