पुढचा सायकलवाला

घाटाच्या दर वळणावर तिला नवऱ्याची पाठ तेवढी दिसायची, की सायकल पुन्हा झाडीत गडप. तिचं डोकं फिरलं होतं. ‘बरोबर जाऊ’ म्हणत यानेच तिला या जंगलात ओढून आणलं, आणि आता साधं मागे वळून बघत नव्हता.

“बहिरा झालास का रे?” ती ओरडली. दातओठ खात तिने पायडल मारले आणि त्याला जवळजवळ गाठलंच.

तेवढ्यात मागून धापा टाकत नवरा आला. त्याचे हात वंगणाने काळे झाले होते.

“चेन पडली म्हणून मघापासून हाका मारतोय! थांबायला काय झालं होतं तुला?”

तिने झटकन पुढे पाहिलं.

पुढच्याने ब्रेक दाबला. मागे न वळता, नवऱ्याच्याच आवाजात तो खेकसला, “कोणाशी भांडतेयस गं?”