संकष्टीचा डबा

शाळेमागे पाचवीतली नवी मुलगी डब्यातलं मांजरीला घालताना दिसली. बंदरावरून येऊन आठ दिवस झाले, तेवढे दिवस ती दुपारी उपाशीच होती. डबा का खात नाहीस, मी विचारलं.

“बाई, सुकट असते,” ती म्हणाली. “मुली म्हणतात, श्रावणात असलं आणलंस तर शेजारी बसायचं नाही.”

दुसऱ्या दिवशी माझी संकष्टी होती. मधल्या सुट्टीत वर्गात सगळ्या मुलींसमोर तिला माझ्याशेजारी बसवून डबा उघडायला लावला.

“बाई, तुमचा उपास ना?” एकीने नाक दाबलं.

“उपास तोंडाला असतो गं, नाकाला नाही.”

मुली हसल्या. ती मात्र घास घेईना. मी माझा खिचडीचा डबा तिच्या डब्याला टेकवून ठेवला.

“बाई, शिवेल,” ती पुटपुटली.

“शिवू दे. जेव तू.”

मान खाली घालून ती भराभर जेवली.