डोळ्यांचं पथ्य

आमच्या पाटागोनियातला वारा मेंढीची लोकर विंचरतो आणि माणसाच्या डोळ्यांतलं पाणी पुसून नेतो. ट्रुकोच्या फडात यंदा बक्षीस कोकराचं होतं, आणि रेमेदियोस घरी चूल पेटवूनच खेळायला आली होती.

पत्त्यांच्या या खेळात हातातली पानं जोडीदाराला चेहऱ्यानं सांगायची असतात. भुवया उंचावल्या की तलवारीचा एक्का. दोन्ही डोळे मिटले की हाती काहीच नाही. समोर बसलेल्या नवऱ्यानं, एलादिओनं, डोळे मिटले. तिनं डाव सोडला. तिसऱ्यांदा, शेवटच्या डावातही तेच झालं, तेव्हा तिनं त्याची पानं उलटून पाहिली. तलवारीचा एक्का.

"अहो, हा हातात असून डोळे मिटता?"

"भुवया उंचावल्या होत्या की आधी. पण डोळे कोरडे पडलेत ना, दर मिनिटाला सावकाश, घट्ट मिटायला सांगितलंय."

"आणि हे सांगणारं शहाणं माणूस कोण?"

एलादिओनं हळूच शेजारी पाहिलं. तिथं बसलेल्या, विरुद्ध जोडीतल्या डॉक्टरीणबाईंनी जिंकलेल्या कोकराची दोरी हातात घेतली.

"रागावू नका हो त्यांना," त्या मायेनं म्हणाल्या. "मी मगापासून बघतेय, पथ्य अगदी नीट पाळतात."