घरचं पाणी

दिल्लीच्या सरकारी कचेरीत सैनूकाकानं पाण्याच्या ग्लासला हातही लावला नाही, तेव्हाच देवाजीला उत्तर कळलं. भांडण मिटेपर्यंत समोरच्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही त्यांच्या गावची रीत; आणि सरकारला त्यांचाच डोंगर खाणीसाठी हवा होता. “काही हरकत आहे?” खाण खात्याच्या साहेबांनी विचारलं. काका नुसता ग्लासकडे बघत राहिला. “चलो, हरकत नाही,” म्हणत साहेब उठले. गावातून शिकून दिल्लीत अधिकारी झालेला देवाजी एकटाच. दुभाष्या म्हणून बसवलेला, पण भरल्या ग्लासचा अर्थ त्यानं सांगितला नाही. संध्याकाळी काकाला आग्रहानं सरोजिनी नगरला आपल्या घरी आणलं. किती वर्षांनी घरात आपलं माणूस आलं होतं! माठातल्या गार पाण्याचा तांब्या पुढे केला. काकानं तांब्या घेतला, भिंती न्याहाळल्या. “घर तुझं, पोरा?” “नाही काका, सरकारी क्वार्टर.” म्हाताऱ्याचे ओठ सुकले होते. त्यानं तांब्या खाली ठेवला.