हिरवळीवर मोरचूद

भटू माळ्याने पिचकारीचं तोंड हिरवळीकडे वळवलं. लाकडी पिंपात मोरचूद आणि चुन्याचं निळं पाणी डुचमळत होतं.

"शेठ, बठ्ठं तयार शे," तो म्हणाला.

घेवरचंदजी खुर्चीतून उठले. धुळ्याच्या व्यापाऱ्यांत बंगल्यापुढे हरळीची अशी हिरवळ राखणारे ते एकटेच. यंदा पावसाच्या झडीनंतर तिला बुरशी लागली होती. जागोजागी थाळीएवढे पिवळे डाग पडले होते. सकाळी त्यांवर कोळिष्टकासारखा पांढरा थर दिसे. शेठजींचं लाडकं कासव याच हरळीवर चरायचं. आज ते टोपलीखाली झाकून ठेवलं होतं.

"दोन दिवसांनी सोडू त्याला. तोवर औषध वाळेल," शेठजी म्हणाले.

दाराआड त्यांची सून चंदनबाई उभी होती. लग्न होऊन तीन वर्षं झाली, पण सासऱ्यांशी ती एक शब्द बोलली नव्हती. त्यांच्या मारवाडी घराण्याची तशी रीतच होती. सुनेचा निरोप सासूने नाहीतर नवऱ्याने पोचवायचा. सासू भंवरीबाई महिनाभरासाठी दोंडाईच्याला माहेरी गेल्या होत्या. नवरा सौद्यासाठी जळगावला. तिने दाराची कडी वाजवली. कुणी वळून पाहिलं नाही. भटूने पिचकारीचा दांडा ओढला.

"बाबूजी, थांबा!"

भटूचा हात जागीच राहिला. हा आवाज कुणाचा, हे कळायलाच घेवरचंदजींना क्षण लागला. त्यांचा चेहरा ताठरला.

"बीनणी, आत जा."

चंदनबाई पदर पुढे ओढून पायरी उतरली.  तिचा आवाज स्थिर होता.

"माझ्या माहेरी, जामनेरला, लिंबोणीच्या झाडांवर हेच फवारलं होतं. औषध वाळलं म्हणून शेजाऱ्यांनी झाडांखाली मेंढ्या सोडल्या. दोन मेंढ्या गेल्या. वाळलं तरी विष पात्यावरच राहतं, बाबूजी. कासव तेच पातं खाणार."

टोपलीखाली खरखर झाली. आतून कासव बाहेर यायला धडपडत होतं. घेवरचंदजी तिकडे बघत राहिले. मग खुर्चीत बसले.

"मग काय, हिरवळ मरू द्यायची?"

"नाही. संध्याकाळचं पाणी बंद करायचं. सकाळी द्यायचं, म्हणजे दुपारपर्यंत पातं कोरडं होईल. सडलेलं गवत दाताळ्याने ओढून जाळून टाकायचं. हिरवळीवर झुकलेली कडुनिंबाची फांदी छाटली की ऊनही पडेल. तोवर कासव मागच्या अंगणात चरेल. तिथली हरळी निरोगी आहे."

घेवरचंदजींनी भटूला हाताने खूण केली. पिचकारी खाली आली.

डाग लगेच गेले नाहीत. उलट सडकं गवत काढल्यावर हिरवळ टक्कल पडल्यासारखी दिसू लागली. "एका कासवापायी माझी बाग गेली," शेठजी एकदा चिडून म्हणाले. दुसऱ्या सकाळी मात्र स्वतःच दाताळं घेऊन उतरले. चंदनबाई रोज वाकून पाती तपासायची. ते विचारायचे, ती सांगायची. आधी पाठ फिरवून, पुढे समोर उभी राहून. हळूहळू उघड्या मातीवर हरळीच्या कांड्या पसरल्या. कासव हिरवळीवर परत आलं आणि खुशाल चरू लागलं.

भंवरीबाईंचा टांगा एका सकाळी फाटकाशी थांबला.

"बाबूजी, त्या कोपऱ्याला आज पाणी नको," सून सांगत होती.

भंवरीबाई जागच्या जागी थबकल्या.

"सून सासऱ्याशी बोलते? या घरात? सुरुवात कुणी केली?"

चंदनबाईची मान खाली गेली. खरं ते सांगायला तिने तोंड उघडलं, तोच घेवरचंदजी पुढे झाले.

"मी केली. मीच तिला विचारलं," ते म्हणाले. "आणि मी विचारल्यावर ती गप्प राहिली असती, तर तो माझा अपमान झाला असता."