पाचव्यांदा 'का?'

डॉक्टर नीलांनी योगिनीचा घोटा एका हातात धरला आणि दुसऱ्या हाताने पायाचा अंगठा वर उचलला. घोट्यामागे बारीक 'टक्' झालं. योगिनीने ओठ चावला. तिच्या वडिलांनी, उद्धवरावांनी, खिशातली डायरी काढली.

"एक्स-रे स्वच्छ आहे. अंगठा ओढणारा टेंडन सुजलाय. बॅलेवाल्यांचं ठरलेलं दुखणं."

"का सुजला?"

"घासून."

"का घासला?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चाकणच्या कारखान्यात आहात का? क्वालिटी खात्यात?"

"बावीस वर्षं!"

पार्ट नापास झाला की पाचदा 'का' विचारायचं, मूळ दोष सापडतो, हा कंपनीचा नियम. उद्धवरावांच्या पाचव्या 'का'ने आजवर वेल्डिंगवाले, पेंटवाले, स्टोअरवाले, सगळे पकडले होते. क्वालिटी खातं तेवढं दर वेळी कसं सुटायचं, देव जाणे.

"बोटांच्या टोकावर फार वेळ उभी राहते, म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. "सरावाच्या एका तासाचे तीन तास झाले असणार."

उद्धवराव लेकीकडे वळले. "का?"

"सोलो मिळालाय, पप्पा! अख्ख्या निगडीच्या क्लासमधून मला एकटीला." दुखत होतं तरी ती हसलीच.

"मग दुखायला लागल्यावर थांबली का नाहीस?"

"थांबले असते तर तुम्हाला कळलं असतं."

"मला कळू का द्यायचं नव्हतं?"

योगिनीने मान खाली घातली. "तुम्हीच म्हणाला होतात ना, पाय दुखला की क्लास बंद."

पेन डायरीवर थांबलं.

"सापडला वाटतं दोष," डॉक्टर म्हणाल्या. "लिहा की, राव."

उद्धवरावांनी घसा साफ केला. इकडेतिकडे पाहिलं, ढकलायला दुसरं खातं नव्हतं. त्यांनी लिहिलं : वडील. खाली उपायाच्या रकान्यात : नियम रद्द.

"कार्यक्रम कधी आहे गं?"

"दोन महिन्यांनी. अठ्ठावीसला. संध्याकाळी."

"म्हणजे माझी सेकंड शिफ्ट. बदलून घेतो." मग डॉक्टरांना, जरा दबकत, "तोवर जमेल ना?"

"तीन आठवडे टोकावर अजिबात उभं राहायचं नाही. मग हळूहळू. जमेल."

योगिनीने तपासणीच्या टेबलावरून आनंदाने उडी मारली, ती थेट चवड्यांवर, दोन्ही हात वर.

"टाच खाली!" डॉक्टर आणि उद्धवराव एकदमच ओरडले.